पहिल्यांदाच मारहाणीची केस आणि शिक्षा कमी होण्याची शक्यता: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किंगवरून, लोकलच्या दारातल्या धक्क्यावरून, मंडळाच्या वर्गणीवरून, दोन भावांतल्या खोलीच्या वाटणीवरून हात उचलला जातो आणि केस उभी राहते. अशा केसमध्ये पहिल्यांदाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. वकील काय सांगतात ते ऐकताना मनाचा गोंधळ कमी व्हावा, हा हेतू आहे. तुमचे कागद पाहणाऱ्या वकिलाची जागा हे पान घेऊ शकत नाही.

१. माझा पहिलाच गुन्हा आहे. मग जेल होणारच नाही ना?

तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. पहिला गुन्हा ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे, पण एकटी पुरत नाही. कोर्ट दोन गोष्टी शेजारी ठेवून बघतं: समोरच्याला किती आणि कसं लागलं, आणि मारणारा माणूस एरवी कसा आहे. किरकोळ दुखापतीत दुसरी बाजू जड ठरू शकते. डोक्यात रॉड घातला असेल, तर वीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीचंही वजन कमी पडतं. तरी एक आधार कायद्यानंच दिला आहे. ज्या प्रकरणात प्रोबेशन (कैद न देता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, प्रश्न ७ पहा) देता आलं असतं, तिथे ते न देता शिक्षा सुनावली, तर त्याची खास कारणं निकालपत्रात लिहिणं कोर्टावर बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम ४०२ मध्ये हे आहे. आपल्या वकिलानं हे कलम तोंडी आणि लेखी, दोन्ही मांडलं आहे ना, ते जरूर विचारा.

२. मारहाणीला शिक्षा असते तरी किती?

कलम कोणतं लागलं, त्यावर सगळं अवलंबून आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू होते. तिच्या कलम ११५(२) खाली साध्या दुखापतीला १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हीच दुखापत हत्यारानं किंवा घातक वस्तूनं केली, तर कलम ११८(१): ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जबर दुखापतीला कलम ११७(२): ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हत्यारानं जबर दुखापत केली, तर कलम ११८(२): किमान १ वर्ष, कमाल जन्मठेप. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर जुन्या दंड संहितेची ३२३, ३२४, ३२५, ३२६ ही कलमं चालतात, मग निकाल आज लागला तरी.

हाड किंवा दात मोडला, तरी दुखापत ‘जबर’ ठरते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एका ठोशात पुढचा दात पडला आणि ‘साधी मारामारी’ सात वर्षांच्या कलमात गेली, असं होतं. तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद राहण्याची मुदत आधी २० दिवस होती, नव्या संहितेत ती १५ दिवस केली आहे. त्यामुळे सायन, केईएम, कूपर किंवा राजावाडीत मिळालेलं इंज्युरी सर्टिफिकेट हाच केसमधला सर्वांत महत्त्वाचा कागद. तो नीट वाचा.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला एका गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंतच कैद देता येते. जास्त द्यायला हवी असं वाटलं, तर त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं.

३. ‘शिक्षा कमी करणारी कारणं’ आणि बचाव यात फरक काय?

बचाव म्हणजे ‘मी हे केलंच नाही’ किंवा ‘स्वतःला वाचवण्यासाठी करावं लागलं’. तो टिकला तर निर्दोष सुटका. शिक्षा कमी करणारी कारणं दोष सिद्ध झाल्यावर कामाला येतात: ‘केलं, पण ते का घडलं, मी कोण आहे आणि पुन्हा असं का होणार नाही, हे लक्षात घ्या.’

गोंधळ इथे होतो की दोन्ही एकाच श्वासात मांडल्या जातात. दोन वर्षं ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणून उलटतपासणी चालवली आणि निकालानंतर ‘मला फार पश्चात्ताप होतोय’ म्हटलं, तर त्या पश्चात्तापाला किंमत राहत नाही. म्हणजे बचाव सोडा असं नव्हे. निर्दोष असाल तर पूर्ण ताकदीनं लढा. पण दोष सिद्ध झालाच तर काय मांडायचं, हे पहिल्या तारखेपासून ठरलेलं असावं, आणि त्यात वय, घर, नोकरी, आजार, स्वच्छ पूर्वायुष्य अशा गोष्टी असाव्यात ज्या तुमच्या बचावाला छेद देत नाहीत.

४. कोर्ट नेमकं काय बघतं?

आपल्याकडे न्यायाधीशांच्या टेबलावर ‘अमुक दुखापतीला अमुक महिने’ असं ठरलेलं कोष्टक नसतं. सर्वोच्च न्यायालयानंही ही उणीव बोलून दाखवली आहे. म्हणून एकाच प्रकारच्या दोन प्रकरणांत दोन वेगळ्या शिक्षा दिसतात, आणि म्हणूनच तुम्ही समोर काय ठेवता त्याला इतकं महत्त्व येतं.

आरोपीच्या बाजूनं जाणाऱ्या गोष्टी: भांडण अचानक झालं, आधी ठरवून नाही. हातात हत्यार नव्हतं. एकच फटका मारला आणि थांबला. जखमीला रिक्षात घालून स्वतःच दवाखान्यात नेलं. आधी शिक्षा नाही. फार लहान किंवा फार मोठं वय. घरात त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं. उपचार चालू असलेला आजार. केस वर्षानुवर्षं चालली आणि त्या काळात एकही तक्रार नाही. जखमीचा खर्च भरून दिला.

विरोधात जाणाऱ्या: चौघांनी मिळून एकाला मारलं. खाली पडल्यावर लाथा घातल्या. डोकं, डोळा, पोट अशा ठिकाणी मारलं. समोर म्हातारं माणूस, लहान मूल किंवा गरोदर बाई होती. मारताना व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. जखम कायमची राहिली. आणि एक गोष्ट जी लोक स्वतःच्या हातानं ओढवून घेतात: घटनेनंतर फिर्यादीच्या दारात जाऊन ‘केस मागे घे’ म्हणून दम देणं. याची नोंद झाली की चांगल्या वर्तणुकीचे सगळे दाखले निरुपयोगी होतात, शिवाय जामीन रद्द होऊ शकतो.

घरच्यांची परिस्थिती कोर्ट ऐकतं, पण ती जवळजवळ प्रत्येक आरोपी सांगतो. म्हणून ती सिद्ध करावी लागते (प्रश्न ६ पहा).

५. शिक्षेबद्दल बोलायची संधी केव्हा मिळते?

दोषी ठरवल्याचं जाहीर झाल्यावर, शिक्षा सुनावण्याआधी. ७ किंवा ३ वर्षांपर्यंतच्या कलमांत (११७(२), ११८(१)) आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकणं कायद्यानं आवश्यक आहे. १९७६ साली पंजाबातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हे ऐकणं उपचारापुरतं नको, आरोपीला कागद आणि गरज पडली तर पुरावाही देता आला पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. अंधेरी किंवा कुर्ला कोर्टात दुपारी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, भरलेला असतो. न्यायाधीश निकालाचा शेवटचा भाग वाचतात आणि विचारतात, “शिक्षेबद्दल काही सांगायचंय?” आरोपी हात जोडतो. “साहेब, घरी म्हातारी आई आहे, मी एकटाच कमावता.” सरकारी वकील उठतात, “जास्तीत जास्त शिक्षा व्हावी.” रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीत) दोन ओळी लिहिल्या जातात. आईचं वय, तिचं डायलिसिस, त्याची पगारपावती यातलं काहीच फाइलमध्ये नसतं. इथे वकिलानं उभं राहून कागदांचा संच आणि लेखी म्हणणं द्यायचं असतं. हातात नसेल तर वेळ मागायचा असतो.

कलम ११५(२) सारख्या छोट्या खटल्यांत एक बारकावा आहे. हे समन्स खटले असतात आणि त्यांच्या प्रक्रियेत शिक्षेवर वेगळं ऐकण्याची तरतूद शब्दांत दिलेली नाही. दोष आणि शिक्षा एकाच दमात होऊ शकते. म्हणून अशा केसमध्ये प्रोबेशनचा अर्ज अंतिम युक्तिवादाबरोबरच, ‘दोष सिद्ध झाल्यास’ असं म्हणून देऊन ठेवा.

६. कोणते कागद जमवायचे, आणि कधीपासून?

चार्जशीट मिळाली त्या दिवसापासून. निकालाच्या आदल्या रात्री नगरसेवकाच्या लेटरहेडवर आणलेलं ‘हे सद्गृहस्थ आहेत’ असं पत्र सगळ्यांच्याच फाइलमध्ये असतं, त्यामुळे त्याकडे फारसं कोणी बघत नाही.

उपयोगी पडतं ते हे. नोकरीचं पत्र, त्यात किती वर्षं काम करतोय आणि नोकरी गेल्यास काय होईल हे ठोस लिहिलेलं. शिकणाऱ्या मुलाची हजेरी आणि परीक्षेचं वेळापत्रक. अवलंबून असलेल्या माणसांचं रेशन कार्ड, आजारपणाचे केसपेपर, औषधांची बिलं. आरोपीवर मानसोपचार किंवा व्यसनमुक्तीचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांचा अहवाल आणि भेटींच्या तारखा. जखमीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशांच्या पावत्या. प्रत्येक तारखेला हजर राहिल्याचा रोजनामा, कारण वॉरंट न काढायला लावणारा आरोपी हा विश्वास ठेवण्याजोगा आरोपी असतो.

ओळखीच्यांची पत्रं द्यायची असतील तर दोन-तीन पुरेत, पण ती त्या माणसाला खरोखर ओळखणाऱ्यांची असावीत आणि त्यात केसचा उल्लेख असावा. “याच्यावर मारहाणीची केस आहे हे मला माहीत आहे, तरीही मी याला दुकानाची चावी देतो,” असं शेजारच्या दुकानदारानं लिहिलं, तर ते वाचलं जातं. खोटं पत्र किंवा खोटा दाखला मात्र चुकूनही देऊ नका. तो वेगळा गुन्हा आहे.

७. प्रोबेशनवर सोडणं म्हणजे काय? ती शिक्षाच असते का?

दोष सिद्ध होतो, पण कैद सुनावली जात नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मध्ये दोन वाटा आहेत.

पहिली कलम ३ ची. २ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. बॉण्ड नाही, देखरेख नाही. कलम ११५(२) ची केस यात बसते.

दुसरी कलम ४ ची. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे वगळता इतर गुन्ह्यांत कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. जामीनदार मागितला जाऊ शकतो. बोलावलं तर हजर राहून शिक्षा घ्यायची आणि दरम्यान शांतता राखायची, अशी लेखी हमी असते. सोबत देखरेखीचा आदेश असू शकतो, तो किमान १ वर्षाचा: पत्ता न बदलणं, दारूपासून दूर राहणं, अधिकाऱ्याला भेटणं अशा अटींसह. कलम ५ खाली जखमीला भरपाई द्यायलाही सांगता येतं.

कलम ३ मध्ये ‘आधी शिक्षा नसावी’ ही अट आहे, कलम ४ मध्ये ती अशा शब्दांत नाही. तिथे गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाचं चारित्र्य बघायला सांगितलं आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी एखाद्या क्षुल्लक प्रकरणात दंड झाला असेल, म्हणून कलम ४ चा दरवाजा आपोआप बंद होत नाही. नोकरीवरचा परिणाम प्रश्न १७ मध्ये आहे.

८. प्रोबेशन ऑफिसर घरी येतात म्हणे. काय विचारतात?

हो. कलम ४ खाली सोडण्याआधी त्यांचा अहवाल असेल तर कोर्ट तो विचारात घेतं, आणि २१ वर्षांखालच्यांसाठी तो मागवावाच लागतो. कागदोपत्री त्यांना परिवीक्षा अधिकारी म्हणतात.

ते चाळीतल्या खोलीत येऊन बसतात, घरात कोण कोण राहतं, कमावतं कोण, भाडं किती, शिक्षण कुठे सुटलं, संध्याकाळी कुणाबरोबर असतोस, असं साधं साधं विचारतात. आईशी वेगळं बोलतात. शेजारच्या दारावर टकटक करतात. कामाच्या ठिकाणी चौकशी होऊ शकते. घरच्यांची चूक बहुतेकदा एकच होते: मुलाला देवमाणूस ठरवायचा प्रयत्न. “तो कधी आवाजही चढवत नाही,” असं आई म्हणाली आणि समोरच्या काकूंनी दोन भांडणं सांगितली, तर अख्खा अहवाल संशयाचा होतो. खरं सांगा. राग येतो, पण आता कामावर जातो, त्या मित्रांत बसत नाही, समुपदेशन सुरू केलंय, हे ऐकणाऱ्याला पटतं.

हा अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश आरोपीला कळवून त्यावर म्हणणं मांडू देण्याची तरतूद आहे. काही चुकीचं लिहिलं असेल, तर तिथे सांगता येतं.

९. मुलगा १९ वर्षांचा आहे. कॉलेजमधल्या भांडणात अडकला. त्याला वेगळा नियम आहे का?

आहे, आणि तो खूप मोलाचा आहे. १९५८ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, कैद द्यायची नाही हा नियम आहे आणि द्यायची हा अपवाद. अपवाद करायचा तर कारणं लिहावी लागतात. कोवळ्या वयाचा मुलगा आर्थर रोडला सराईतांबरोबर राहून बिघडू नये, हा यामागचा विचार.

वय कोणत्या दिवशी मोजायचं? घटनेच्या नव्हे, तर खालच्या कोर्टानं दोषी ठरवलं त्या दिवशी. १९ व्या वर्षी भांडण झालं आणि केस चार वर्षं रखडली, तर हे संरक्षण निसटतं, मग कलम ४ उरतं. विनाकारण तारखा मागू नयेत, याचं हे एक कारण.

घटनेच्या दिवशी १८ पूर्ण नसतील, तर मामला बाल न्याय मंडळाकडे जातो. तिथे घटनेच्या दिवशीचंच वय धरतात.

१०. प्रोबेशन कुठे मिळत नाही?

कलम ११८(२), म्हणजे हत्यारानं जबर दुखापत. तिथे जन्मठेप होऊ शकते, म्हणून प्रोबेशन नाही. अशा केसमध्ये खरी लढाई कलमावरच असते: वस्तू खरोखर घातक होती का, दुखापत खरोखर जबर होती का. कलम खाली आलं, तर प्रोबेशनचा रस्ता उघडतो.

दुसरं, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम १९ नुसार १८ वर्षांवरच्या व्यक्तीला त्या कायद्याखालच्या गुन्ह्यात प्रोबेशन नाही, पहिला गुन्हा असला तरी.

११. जखमीनं माफ केलं, तडजोड झाली. आता शिक्षा होईल का?

कलमानुसार तीन उत्तरं. ११५(२): जखमी व्यक्ती स्वतः तडजोड करू शकते, कोर्टाच्या परवानगीची गरज नाही. परिणाम निर्दोष सुटकेइतकाच, त्यामुळे शिक्षा कमी करण्यापेक्षा हा मार्ग सरस. ११७(२): कोर्टाची परवानगी लागते. ११८(१): तडजोडीच्या यादीत नाही. तिथे दोघांनी मिळून उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि खासगी स्वरूपाच्या भांडणात न्यायालय तो मान्य करू शकतं. ते झालं नाही, तरी समेट ही शिक्षा कमी करण्याची मजबूत बाब राहते.

तडजोड मनापासूनची हवी. जखमीला साक्षीच्या पिंजऱ्यात न्यायाधीश विचारतात, “दबाव आहे का?” आणि त्याचा चेहरा बरंच काही सांगतो.

१२. हॉस्पिटलचं बिल भरलं तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो का?

माणुसकीनं बिल भरण्यात वावगं काही नाही, पण ते वकिलामार्फत आणि ‘हक्क अबाधित ठेवून’ अशा पत्रासह करा. रोख हातात देऊ नका. चेक किंवा ऑनलाइन द्या, म्हणजे पावती राहते आणि साक्षीदाराला पैसे चारल्याचा आरोप येत नाही. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमीच्या भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी निकालात झालाच पाहिजे. म्हणजे तुम्ही स्वतःहून भरलेले पैसे कोर्टाच्या मनात असलेल्या प्रश्नाचं उत्तर असतात. पैसे दिले म्हणून शिक्षा माफ होते, असं मात्र नाही.

१३. ‘गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’ असं सगळे सांगतात. करू का?

थांबा. दंड भरून मोकळं होणं म्हणजे दोषसिद्धी. कागदावर ‘शिक्षा झालेली व्यक्ती’ असं नाव लागतं आणि वर्षांनी पोलिस व्हेरिफिकेशनला ते वर येतं. कबुलीला ठरावीक सूट मिळते, असा नियम आपल्याकडे नाही. कबूल करायचंच असेल, तर त्याच वेळी कलम ३ किंवा ४ खाली सोडण्याचा लेखी अर्ज द्या. अन्यथा आधी तडजोड (प्रश्न ११) किंवा प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा मान्य करून कमी शिक्षेवर काढलेला तोडगा (प्रश्न १४), शक्य आहे का ते बघा.

१४. प्ली बार्गेनिंगमध्ये पहिल्या गुन्ह्याला सवलत आहे का?

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट सवलत आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. जखमी, सरकारी पक्ष आणि आरोपी यांच्यात भरपाईसह तोडगा निघाला, तर किमान शिक्षा ठरलेली नसलेल्या गुन्ह्यात एरवी कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश आणि पहिल्या गुन्हेगाराला एक षष्ठांश शिक्षा देता येते. म्हणजे ११७(२) मध्ये १४ महिने, ११८(१) मध्ये ६ महिने. प्रोबेशन लागू होत असेल, तर त्याच टप्प्यावर प्रोबेशनही देता येतं, आणि अर्जात ते आवर्जून मागावं.

गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा बालकाविरुद्ध असेल, तर हा मार्ग नाही. निकालावर नेहमीचं अपील नाही. तोडगा फिसकटला, तर अर्जात जे कबूल केलं ते इतर कशासाठी वापरता येत नाही. ३० दिवस पटकन जातात, म्हणून आरोप निश्चितीच्या तारखेलाच हा विषय काढा.

१५. दारूच्या नशेत होतो. आणि शिवी आधी त्यानं दिली होती. फायदा होईल?

स्वतःहून प्यायलेली दारू बचाव होत नाही, आणि ‘नशेत होतो’ हे वाक्य एकटं उच्चारलं तर उलट धोक्याची घंटा वाटतं. तेच ‘त्या दिवसापासून दारू सोडली, व्यसनमुक्ती केंद्रात जातो, ही हजेरी’ असं मांडलं तर पारडं फिरतं.

चिथावणीचं तसं नाही. गंभीर आणि अचानक चिथावणीनं हात उचलला गेला असेल, तर कलमच बदलतं: १२२(१) खाली साध्या दुखापतीला फक्त १ महिन्यापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १२२(२) खाली जबर दुखापतीला ५ वर्षांपर्यंत. पण ‘अचानक’ हा शब्द महत्त्वाचा. सकाळी शिवी, संध्याकाळी चार पोरं घेऊन नाक्यावर गाठलं, तर ही चिथावणी राहत नाही. साधी शिवीगाळ या कलमात बसली नाही, तरी शिक्षा ठरवताना ती सांगता येते.

१६. माझ्यावर आधी एनसी झाली होती, चॅप्टर केसही होती. मग मी ‘पहिल्यांदा’ धरला जाईन का?

एनसी ही तक्रारीची नोंद आहे. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्यासाठी एसीपींसमोर (सहायक पोलिस आयुक्तांसमोर) घेतलेला बॉण्ड. सुरू असलेली केस म्हणजे अजून सिद्ध न झालेला आरोप. यातलं काहीच दोषसिद्धी नाही, आणि निर्दोष सुटलेली केस तर नाहीच. पण सरकारी वकील या नोंदी स्वभाव दाखवायला पुढे करू शकतात, म्हणून त्यामागची हकिगत वकिलाला आधीच सांगा. एक सापळा इथे आहे: पूर्वी कधी रस्त्यावरच्या गोंधळाबद्दल पोलिस अधिनियमाखाली कोर्टात उभं राहून दंड भरला असेल, तर ती दोषसिद्धी असू शकते. ‘आधी काही नाही’ असं प्रतिज्ञापत्र करण्यापूर्वी हे तपासा.

१७. प्रोबेशन मिळालं तर नोकरी आणि पासपोर्ट वाचतात का?

१९५८ च्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीसोबत येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. १९७५ साली रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्तणूक पाहून खातं कारवाई करू शकतं, मात्र डोळे मिटून बडतर्फ करता येत नाही. सरकारी नोकर असाल, तर ही गोष्ट शिक्षेच्या युक्तिवादात कोर्टासमोर मांडा.

नव्या नोकरीच्या फॉर्मवर केसबद्दल विचारलं असेल, तर लपवू नका. लपवाछपवी हीच पुष्कळदा नोकरी जाण्याचं कारण ठरते. पासपोर्ट नाकारण्याचा दोषसिद्धीवरचा नियम नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्यांसाठी, मागच्या ५ वर्षांपुरता आहे. केस चालू असताना मात्र कोर्टाची परवानगी लागते.

१८. ट्रॅफिक हवालदाराशी झटापट झाली. डॉक्टरच्या अंगावर गेलो. हेही साधंच ना?

नाही. लोकसेवकाला कामात अडवण्यासाठी बळ वापरलं, तर कलम १३२: २ वर्षांपर्यंत. त्याला दुखापत केली, तर कलम १२१(१): ५ वर्षांपर्यंत. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रोबेशन या कलमांत कायद्यानं बंद नाही, पण कोर्ट हात आखडता घेतं. घरचं माणूस दगावल्याच्या धक्क्यात तोल गेला असेल, तर मृत्यूचा दाखला, घटनेची वेळ आणि त्या डॉक्टरांची मागितलेली माफी, हे तिन्ही एकत्र मांडावं.

१९. तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा मागता येईल का?

मारहाणीच्या कलमांसाठी नाही. न्याय संहितेत समाजसेवा ठरावीक लहान गुन्ह्यांसाठीच आहे, उदाहरणार्थ दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं.

२०. मार मी खाल्लाय. आरोपी रडून सुटतोय. मला काही बोलता येतं का?

येतं, आणि बोलायलाच हवं. तुमचा वकील सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतो. किती दिवस कामावर जाता आलं नाही, किती खर्च झाला, रात्री झोप लागते का, हे सगळं कागदांसह सरकारी वकिलांकडे द्या. भरपाईचा अर्जही द्या. शिक्षा कमी वाटली म्हणून पीडिताला थेट अपील करता येत नाही, ते सरकार करू शकतं. निर्दोष सुटका झाली, हलक्या कलमात दोषी धरलं किंवा भरपाई अपुरी दिली, तर मात्र तुम्ही स्वतः अपील करू शकता.

२१. शिक्षा झालीच, तर त्याच दिवशी आत जावं लागतं का?

जामिनावर असाल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करण्यापुरती ती तिथेच स्थगित करून घेता येते. त्यासाठी जामीनदार आणि कागद निकालाच्या दिवशी सोबत ठेवा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील. प्रोबेशन खाली नाकारलं, तरी अपिलात ते मिळू शकतं. आधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात.

२२. वकील परवडत नाही.

कोठडीत असलेली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना मोफत वकील मिळतो. कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. मोफत मिळालेल्या वकिलालाही प्रश्न ६ मधला कागदांचा संच तुम्हीच बांधून द्या.

२३. प्रोबेशनच्या काळात पुन्हा भांडण झालं तर?

अट मोडल्याचं कळलं की कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढू शकतं. ऐकून घेतल्यावर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते, आणि पुराव्यावर पुन्हा खटला चालवावा लागत नाही, कारण दोष आधीच सिद्ध आहे. उल्लंघन पहिलंच आणि किरकोळ असेल, तर बॉण्ड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंतचा दंड करण्याचीही सोय आहे. जामीनदारालाही झळ बसू शकते. बहुतेकदा तो मामा, काका किंवा शेजारी असतो, त्यामुळे सही घेण्याआधी त्याला हे समजावून सांगा. घर बदललं, नवी नोकरी लागली, गावी जावं लागलं, तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. समोरचाच अंगावर आला, तर मागे सरून तिथून निघा, ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी वकिलाला कळवा.